टोपणावरचे दात

४ जून

मामा,

नमस्कार. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू सगळ्याला हं म्हणतोस आणि अर्धं तुला ऐकूच येत नाही. ही गोष्ट अर्धी ऐकून चालणारी नाही.

सोबतच्या डबीत पेन आहे. कापसात गुंडाळलंय, जपून काढ. बाबा गेल्यावर मी त्यांच्या घरातलं काही मागितलं नाही, हे तुला ठाऊक आहे. दादा म्हणाला कपाट घे, भिंतीवरचं घड्याळ घे. मी म्हटलं, मला फक्त त्यांचं हिरवं शाईचं पेन दे. ते द्यायला त्याला पाच महिने लागले. सापडत नाहीये, शोधतोय, पाठवतो, असं करत करत गेल्या आठवड्यात पार्सल आलं. आत चिठ्ठी, 'हे घे तुझं पेन.' बस्स, एवढंच.

मामा, हे बाबांचं पेन नाही. निदान पूर्ण नाही. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून मी ते पेन तासन्‌तास न्याहाळलेलं आहे. टोपणाला एकच सोनेरी कडी होती, याला दोन आहेत. बाबांचं अक्षर कसं होतं, उभी रेघ जाड आणि आडवी केसासारखी. मी यात शाई भरून लिहिलं तर सगळ्या रेघा एकाच जाडीच्या. खिडकीपाशी धरलं की नळीचा हिरवा आणि टोपणाचा हिरवा जुळत नाही. टोपण मात्र त्यांचंच असावं, दुसरी कडी कोणी मागाहून बसवली असेल, कारण टोकाला दातांच्या खुणा आहेत. विचार करताना टोपण दातांत धरायची त्यांची सवय तुला आठवत असेलच.

तू म्हणशील, औषधाच्या कारखान्यात खोट काढायची नोकरी केलीस, आता तुला जिकडेतिकडे खोटच दिसते. दिसते खरी. पण गेल्या वर्षी दादाला जुनी पेनं जमवणारा कोणी मित्र भेटलाय. मूळची सोन्याची निब असली की ही माणसं कशी वेडी होतात, ते दादानंच मला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मीही हसले होते.

ऑगस्टमध्ये दादा कायमचा मुलाकडे परदेशी चाललाय. जायच्या आधी आठवडाभर माझ्याकडे राहायला येतो म्हणतोय. तू पन्नास वर्षांवर पेनं उघडतो आहेस. नीट बघ आणि सांग, कुठला भाग कधीचा आहे. त्यानं यात काही केलं असेल तर मी त्याला दारात उभं करणार नाही. मग तो खुशाल परदेशी जावो नाही तर चंद्रावर. बाबांनंतर मला माझं म्हणावं असं एकच माणूस उरलंय, आणि तेच असं निघालं तर मला ते वेळेवर कळलेलं बरं.

तुझी भाची


१३ जून

आमच्या तपासनीसबाईंना मामाचे आशीर्वाद.

पेन पोचलं. कापूस इतका होता की आधी वाटलं दात काढून पाठवलास. दुकान तसंच आहे, जिन्याखाली. वरून कोणी उतरलं की माझ्या भिंगावर धूळ पडते, मग पुसतो, मग पुन्हा कोणी उतरतं. त्यामुळे तपासायला वेळ लागला.

नळीवर कंपनीचं नाव दोन ओळींत कोरलेलं आहे. महायुद्धाच्या आधी ही कंपनी दोन ओळींत नाव घालायची, नंतर एका ओळीत. म्हणजे नळी युद्धाआधीची. बोटानं घासली की कापराचा वास येतो, म्हणजे सेल्युलॉइड अस्सल, आजकालचं प्लास्टिक नाही. टोपण नंतरचं. क्लिपच्या टोकाला गोळी आहे, ती त्यांनी फार पुढे आणली. नळी आणि टोपणात दहा वर्षांचं तरी अंतर धर. निब तिसऱ्याच घरची. पोलादी आहे, वर सोन्याचं पाणी दिलंय. युद्धात सोनं मिळेना तेव्हा अशा निघाल्या. ती कडक असते, दाबली तरी फाकत नाही, म्हणून तुझ्या रेघा सारख्या जाडीच्या आल्या. थोडक्यात, तीन घरची तीन माणसं एका छपराखाली नांदतायत.

आता हे कोणी केलं ते पेनावर लिहिलेलं नसतं. जुन्या पेनात असे भाग बदललेले असतात, दुरुस्तीत बदलतात, काही जण विकताना बदलतात. उगाच कोणावर बोट दाखवू नकोस. दादाला तर इतक्यात काहीच लिहू नकोस, आणि मी हे पाहिलंय असंही त्याला कळवू नकोस. पेन थोडे दिवस माझ्याकडे राहू दे. आतली रबराची पिशवी कडक झालीय, ती बदलून देतो.

अक्षर वाईट आलंय. हात हल्ली ऐकत नाही.

मामा


२० जून

दादा,

तुझं तिकीट काढून झालं असेल. माझ्याकडचा आठवडा मात्र रद्द समज.

कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते. बाबांच्या पेनाची नळी एका पेनाची आहे, निब दुसऱ्या पेनाची, आणि टोपण तेवढं बाबांचं. हे मी माझ्या मनानं म्हणत नाही, जाणत्या माणसाकडून तपासून घेतलंय. टोपणावर बाबांच्या दातांच्या खुणा होत्या, त्यामुळे ते बदलायची तुझी हिंमत झाली नसणार. की खुणा पाहूनच ठेवलंस, म्हणजे मला संशय येणार नाही?

पाच महिने पेन सापडत नव्हतं म्हणालास. बाबांच्या टेबलाला एकच खण आहे. एका खणात शोधायला पाच महिने लागतात का रे?

तुझ्या त्या मित्राला निब दिलीस की विकलीस, ते मला ऐकायचंही नाही. तू माझ्याकडे मागितलं असतंस तर मी म्हटलं असतं, घेऊन टाक. मला वाईट कशाचं वाटतं सांगू का? तू मला फसवताना थोडीही मेहनत घेतली नाहीस. बहीण आहे, तिला काय कळतंय, असंच ना?

फोन करू नकोस. आपण फोनवर भांडलो की मला रडू येतं आणि मग तू जिंकतोस.

छोटी


२९ जून

छोटे,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

पेन बाबांचंच आहे. शेवटच्या दिवसापर्यंत ते त्याच पेनानं लिहीत होते. मी त्यातलं काहीही बदललेलं नाही. याहून जास्त मला सांगता येणार नाही. येणार नाही म्हणजे खरंच येणार नाही, तेव्हा खोदून विचारू नकोस.

तो जाणता माणूस म्हणजे मामाच ना? त्याला या भानगडीत ओढू नकोस, हात जोडून सांगतो. त्याचं वय बघ.

तिकीट एकोणीस ऑगस्टचं आहे. मी बाराला तुझ्याकडे निघणार होतो. तू नको म्हणालीस तर येणार नाही, पण सामान मी त्याच हिशेबानं बांधतोय.

दादा


७ जुलै

मामा,

दादाचं उत्तर आलं. चार ओळी. सांगता येणार नाही, खोदू नकोस, मामाला ओढू नकोस. तूच सांग, ज्याचं मन साफ आहे तो असं लिहितो का? कारखान्यात एखादी तुकडी तपासायला मागितली आणि तिथला माणूस म्हणाला की यातलं तेवढं उघडू नका, तर मी पहिल्यांदा तेच उघडायचे.

म्हणून मी उघडलं. मी वसतिगृहात असताना बाबांनी मला दर पंधरवड्याला लिहिलेली पत्रं माझ्याजवळ आहेत. सगळी तारखेनं लावली. जेवणाच्या टेबलावर मावेनात तेव्हा जमिनीवर मांडली आणि गुडघे दुखेपर्यंत भिंग घेऊन फिरले. छत्तीस वर्षांपूर्वीच्या नऊ मार्चच्या पत्रापर्यंत उभी रेघ जाड आहे. दोन एप्रिलच्या पत्रापासून सगळ्या रेघा सारख्या. तेव्हापासून शेवटच्या पत्रापर्यंत तशाच. म्हणजे पेन आत्ता बदललेलं नाही, तेव्हाच बदललं. दादावर मी जो आळ घेतला तो चुकला, हे मी मान्य करते.

पण मग मला झोप लागेना. छत्तीस वर्षांपूर्वी मार्चमध्ये दादा बावीस वर्षांचा होता, आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं तो मोठा कॅमेरा घेतला होता. शिकवण्या करून पैसे साठवले म्हणाला होता. कोणाला शिकवत होता, ते मी कधी पाहिलं नाही. बाबांना आपल्या पेनाची निब बदललेली कळली नसेल, हे मला पटत नाही. जो माणूस दुसऱ्याच्या खुर्चीत बसला तरी ओळखायचा, त्याला हे कळलं नाही? कळलं होतं आणि ते गप्प बसले. कोणाला तरी पाठीशी घालत होते. बाबा पाठीशी घालायचे ते फक्त दादाला.

दोन एप्रिलच्या पत्रात बाबांनी लिहिलंय, 'पेन मामाकडे दुरुस्तीला होतं, परवा मिळालं.' आता तू सांग. पेन तुझ्याकडे आलं तेव्हा त्याची निब सोन्याची होती की पोलादाची? तू पाहिल्याशिवाय राहिला नसशील. पोलादाची होती असं लिहिलंस, तर दादानं सोन्याची आधीच विकली होती हे ठरलं, आणि मग मी त्याला शेवटचं पत्र लिहीन.

एक गोष्ट राहिली. गेल्या पत्रात तू पेन ठेवून घेतलंस. पिशवी बदलायला तुला कधीपासून महिना लागायला लागला?

भाची


१५ जुलै

बाळ,

निब सोन्याची होती. सगळंच मूळचं होतं. एकच कडी होती, तुला बरोबर आठवतं.

तुझ्या दादानं काही केलेलं नाही. मी केलं.

पेन गळत होतं म्हणून दाजी सकाळी देऊन गेले. कचेरी सुटल्यावर दोन वाजता नेतो म्हणाले, तो शनिवार होता. निब धरणारा पुढचा तुकडा नळीत चपडा लाख लावून बसवलेला असतो. तो सुटायला ऊब द्यावी लागते. गरम पाण्याच्या वाफेवर धरावा, हळूहळू फिरवावा, ही रीत. मी त्या दिवशी घाईत होतो. स्पिरिटच्या दिव्यावर धरला, आणि टोपण मागच्या टोकाला अडकवलेलं होतं ते काढायचंही राहिलं. सेल्युलॉइड कसं पेटतं हे तू पाहिलेलं नाहीस, पाहू नकोस. आधी काही होत नाही आणि मग एकदम सगळंच होतं. हातातून टाकलं आणि पायानं विझवायला गेलो. पाय उचलला तेव्हा नळी नव्हती, टोपण नव्हतं, आणि निबेची चोच तुटली होती. पन्नास वर्षांत माझ्या हातून तीन पेनं जळाली. त्यातलं हे एक.

दाजी आले. मी म्हटलं, एक भाग मागवावा लागेल, पंधरा दिवस लागतील. त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर मी तिथंच सगळं सांगितलं असतं. पण ते म्हणाले, 'सावकाश होऊ दे.' त्यांच्या पहिल्या पगाराचं पेन होतं ते.

पंधरा दिवस खण उपसले. हिरवी नळी एका जुन्या पेनाची सापडली, टोपण दुसऱ्याचं, निब तिसऱ्याची. त्यातल्या त्यात जुळणारं बसवलं. आणि शेवटी दातांच्या खुणा राहिल्या. त्या नसत्या तर त्यांनी हातात घेताच ओळखलं असतं. बाळ, त्या खुणा माझ्या आहेत. दुकानाचं दार लोटून घेतलं आणि टोपण स्वतःच्या दातांत धरून चावलं. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, दोन पोरांचा बाप, स्टुलावर बसून टोपण चावत होतो.

त्यांना कळलं नाही. छत्तीस वर्षं त्यांनी त्यानं लिहिलं. दर शनिवारी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसायचे आणि म्हणायचे, तुझ्या हाताला यश आहे. दर वेळी मी भिंग पुसायला घ्यायचो.

तुझी डबी उघडली तेव्हाच मी ओळखलं. आपलं काम ओळखायला भिंग लागत नाही. पहिल्या पत्रात खरं लिहायला घेतलं आणि दोनदा कागद फाडला. तुझा संशय दादावर आहे हे वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं वाटलं, आणि तुझ्यापासून आता काय लपवायचं. तुम्ही दोघं भावंडं आहात, भांडाल आणि मिटवाल, असं मी स्वतःला समजावलं. पेन ठेवून घेतलं ते या भीतीनं की तू ते आणखी कोणाकडे नेशील.

दादाला मी आजच वेगळं पत्र टाकतोय. तू माझ्यावर किती दिवस रागावणार आहेस तेवढं कळव. जितके सांगशील तितके मला मान्य आहेत.

मामा


२३ जुलै

प्रिय मामा,

पत्र वाचलं. माफी कशाला मागतोस? आणि मला ही गोष्ट नवीन नाही.

बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू पेन दिलंस, ते घरी घेऊन आले, लिहायला बसले आणि सवयीनं टोपण तोंडात धरलं. मी समोरच बसलो होतो. धरलं, काढलं, पुन्हा धरलं. मग मला म्हणाले, 'या खुणा माझ्या दातांत बसत नाहीत.' त्यांचा पुढचा एक दात अर्धा तुटका होता, आठवतो का? तुझे सगळे धड. मला इतकं हसू आलं की आई आतून विचारायला आली.

मला वाटलं आता तुझ्याकडे जाऊन जाब विचारतील. ते म्हणाले, काहीतरी झालं असेल त्याच्या हातून. मला कळलंय हे त्याला कळलं तर तो शनिवारी माझ्यासमोर बसायचा नाही. पेन काय, हेही लिहितंय. आणि माझ्याकडून वचन घेतलं, तुला कळू द्यायचं नाही, आईला नाही, छोटीला तर मुळीच नाही. छोटी तुला सोडणार नाही म्हणाले.

आता तू आपण होऊन बोललास तेव्हा माझं वचन संपलं, असं मी धरतो.

पेन पाठवायला पाच महिने लागले, कारण मी रोज त्यानं लिहीत होतो. मन निघेना. त्या मित्राला एकदा दाखवलं होतं. तो म्हणाला, हे पेन नाही, तीन पेनांची गोधडी आहे. मी म्हटलं, हो, पण फार मायेनं शिवलेली आहे.

तब्येत सांभाळ. निघण्याआधी शनिवारी दुकानात येऊन जाईन.

तुझा भाचा


२१ ऑगस्ट

मामा,

रागावण्याचं तू विचारलं होतंस. नऊ दिवस रागावले. त्यातले पहिले तीन तुझ्यावर, नंतरचे सगळे स्वतःवर. आता झालं.

दादाला ये म्हणून कळवायला मी उशीर केला. लाज वाटत होती, रोज पत्र लिहायची आणि रोज तसंच ठेवायची. शेवटी फोन केला तेव्हा तो बारा तारीख सोडून बसला होता. आला तो पंधराला. आठवड्याचे चारच दिवस उरले, माझ्यामुळे. मी दार उघडलं तर तो म्हणाला, तुझे जिने फार आहेत. आणि सरळ आत येऊन नेहमीच्या खुर्चीत बसला. मी त्याच्यासाठी भांडणाची सगळी उत्तरं तयार ठेवली होती, त्यानं एकाचाही उपयोग होऊ दिला नाही.

त्याला सगळी पत्रं दाखवली, नऊ मार्च आणि दोन एप्रिल शेजारी शेजारी ठेवून. तो बराच वेळ वाचत बसला. रेघा त्यानं पाहिल्याच नाहीत, बाबांनी काय लिहिलंय तेच वाचत होता. मी ती पत्रं एवढ्यांदा तपासली आणि वाचली एकदाही नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्या हातून घेऊन मीही वाचली. चोराचा कॅमेराही त्यानं दाखवला, अजून चालतो. तीन मुलांना तो गणित शिकवायचा, त्यांची नावंसुद्धा सांगितली. मी विचारलं नव्हतं, माझा संशय तूच त्याला कळवला असणार.

परवा सकाळी त्याला सोडून आले. तिथं मी त्याचा हात सोडत नव्हते, मागची माणसं खोळंबली होती. आता तो इतका लांब आहे की रुसायचं म्हटलं तरी त्याला कळायला आठवडा लागेल.

पुढचं तुला लिहू नये असं एकदा वाटलं. पण आपल्या घरात एकमेकांना जपायच्या नावाखाली पुरेसं लपवून झालंय, म्हणून लिहिते. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला विचारलं, 'मी एवढं चोर म्हणून लिहिलं, दारात येऊ नकोस म्हटलं, तू कायमचा चालला होतास. तरी मला एक शब्द का नाही बोललास?'

तो म्हणाला, 'तुला कोणावर तरी रागवायचंच होतं, छोटे. माझ्यावरचा राग पाच-दहा वर्षांनी उतरला असता, तेवढा मी थांबलो असतो. मामा ब्याऐंशीचा आहे.'

तुझी भाची